लेशमात्र

आपल्या भाषेत थोडेपणाला शब्दांची वाण नाही. कणभर, तिळभर, चिमूटभर, यत्किंचित, लेशमात्र असे कितीतरी शब्द आपण दिवसभर वापरतो, आणि ते बहुधा 'जवळजवळ काहीच नाही' याच अर्थाने वापरतो. 'त्याला लेशमात्र लाज नाही' असे म्हणताना या लेशाला काही वजन असेल, हे आपल्या मनातही येत नाही. सोनार तेवढा याला अपवाद. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे ज्याच्या हातात बसले आहे, त्याच्या तराजूत गुंजेलाही मान असतो. पाण्यातील धातूंचे लेशमापन विद्यार्थ्यांना शिकवू लागल्यापासून मीही त्या सोनाराच्या पंगतीत जाऊन बसलो आहे. किंबहुना त्याच्याही पलीकडे गेलो आहे, कारण आमच्या दृष्टीने सोनाराची गुंज म्हणजे डोंगरच!

वर्गात पहिल्या दिवशी मी हेच गणित घालतो. एक गुंज म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासंबंधीच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे मानक क्रमांक १०५०० च्या २०१२ सालच्या आवृत्तीप्रमाणे, एका लिटरात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. मग एक गुंज शिसे किती पाण्याला मर्यादेपर्यंत नेईल? मुले भराभर आकडेमोड करतात आणि उत्तर पाहून थबकतात. बारा हजार लिटर! उन्हाळ्यात रस्त्याने जाणारा पाण्याचा भला मोठा टँकर त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. कॅडमियमची मर्यादा तर ०.००३ मिलिग्रॅम, तेथे त्याच गुंजेला असे तीन टँकरही पुरत नाहीत. १९९१ च्या मानकात शिशाची मर्यादा आजच्या पाचपट सैल होती, हेही मी सांगतो. पाणी तेच, शिसे तेच. माणसाचे ज्ञान तेवढे अधिक बारीक झाले आणि कालचा 'लेश' आज दोष ठरला.

हे सारे मी सांगतो ते पलसाण्याच्या परिसरातील मुलांना. पलसाणा हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा हमरस्ता आणि हजिऱ्याहून बारडोली, नवापूर, धुळे असा पूर्वेकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात. तापी खोऱ्यातून भुसावळकडे जाणारा जुना लोहमार्गही याच तालुक्यातून जातो. चलथाण आणि गंगाधरा ही त्यावरची स्थानके. या वाटांनी खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेच्या कापडधंद्यात आली, त्यामुळे माझ्या वर्गात गुजरातीच्या जोडीला अहिराणीही कानी पडते. एका अंगाला ऊस आणि भात, तर दुसऱ्या अंगाला कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिलांची धुराडी. कोणाचे वडील मिलमध्ये पाळी करतात, कोणाच्या घरचा ऊस खाडीकाठी उभा असतो. या मुलखात ओढ्यालाही 'खाडी'च म्हणतात. भरती-ओहोटीची खाडी पाहत वाढलेल्या कोकणी वाचकाला ते प्रथम चमत्कारिक वाटेल. या खाड्यांविषयी गावोगाव एक सोपी समजूत आहे : पाणी रंगीत दिसले की विषारी, नितळ दिसले की निर्धोक.

ही समजूत मोडणे हा आमचा पहिला धडा. रंग आणि धातू यांचे नाते डोळ्यांना वाटते तितके सरळ नाही. पॉलिएस्टरच्या साड्या ज्या रंगांनी रंगवतात त्यांपैकी बहुतेकांच्या रेणूत धातू नसतोच. उलट फिरोजी रंगाच्या एका प्रसिद्ध घराण्यात प्रत्येक रेणूच्या मध्यभागी तांब्याचा एक अणू, देव्हाऱ्यात देव बसवावा तसा, पक्का बसवलेला असतो. आणि खुद्द पॉलिएस्टरचा पांढराशुभ्र धागा? तो तयार करताना बहुधा अँटिमनीचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात. त्यातले थोडे धाग्यात राहते आणि दाबाखाली १३० अंश उष्णतेच्या रंगपात्रात काही अंशी पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. म्हणजे लाल पाण्यात धातू नसण्याचा आणि नितळ पाण्यात असण्याचा संभव आहे. केवळ डोळ्यांवर विसंबणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे. आणि भुई धोपटली जात असताना खरा साप निघूनही जातो.

हे फळ्यावर सांगितले की मुले माना डोलावतात, वहीत उतरून घेतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु जे हाताला कळावयास हवे, ते केवळ कानाला सांगून भागत नाही. म्हणून पहिले कित्येक आठवडे आमच्या प्रयोगशाळेत कोणीही खाडीचे पाणी आणीत नाही. मुले फक्त बाटल्या धुतात. पॉलिथिनच्या बाटल्या साबणाने धुवावयाच्या, दहा टक्के नत्राम्लात रात्रभर बुडवून ठेवावयाच्या, शुद्ध पाण्याने पुनःपुन्हा खळबळावयाच्या, उपड्या घालून झाकावयाच्या. बाटलीच्या आत बोट घालावयाचे नाही, बूच टेबलावर उताणे ठेवावयाचे नाही. 'आम्ही विज्ञान शिकायला आलो की भांडी घासायला?' हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच.

माझ्या आजीने हे पाहिले असते तर तिला मोठा आनंद झाला असता. तिचे सोवळे असेच होते. ओलेत्याने पाणी भरावयाचे आणि वाटेत कोणाला शिवावयाचे नाही. त्या सोवळ्याने माणसांना किती दुखावले, हे मला ठाऊक आहे. प्रयोगशाळेतील सोवळे निराळे आहे. ते जन्म विचारीत नाही, हात विचारते. येथे हळपतीचा मुलगा आणि पाटीदाराची मुलगी एकाच नळाखाली बाटल्या धुतात, आणि ज्याची बाटली अधिक स्वच्छ तो अधिक सोवळा. ओवळे काय तेही जातीवरून ठरत नाही. पितळी बांगडी ओवळी, डोळ्यांतला सुरमा ओवळा, कारण तो पुष्कळदा शिशाच्या गंधकी खनिजाचाच असतो. तोंडाला लावण्याच्या कित्येक पावडरींत जस्त असते, रबरी मोज्यांतही जस्त असते. छताची धूळ ओवळी, गंजलेला चिमटा ओवळा. फक्त शिसपेन्सिल, नावात शिसे वागवीत असूनही, या गुन्ह्यातून सुटते; तिच्यात शिसे नसते, ग्राफाइट असते. यावर वर्गात दरवर्षी हशा पिकतो आणि निदान ही एक गोष्ट कोणी विसरत नाही.

बाटल्या धुऊन झाल्या की प्रत्येकाने 'कोरा नमुना' करावयाचा. त्यात अम्ल तेच, पात्र तेच, कृती तीच. फक्त तपासावयाचे पाणी नाही. त्याच्या जागी आमच्याकडचे शुद्धातले शुद्ध पाणी. मापन करून जो आकडा येईल तो वहीत पहिल्या पानावर लिहावयाचा. मुलांची अपेक्षा असते शून्याची. आकडा मात्र शून्य येत नाही. कधी जस्त, कधी तांबे, कधी लोह; काही ना काही डोके वर काढतेच. कोठून आले? अम्लातून, काचेतून, हवेतून, बोटांतून. ज्या पात्राने पाण्याची राखण करावयाची त्यानेच त्यात भर घालावी, म्हणजे कुंपणाने शेत खाल्ल्यासारखेच झाले. खाडीत काय आहे हे विचारण्याआधी 'माझ्या हातात काय आहे?' हे विचारावे लागते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यातच द्यावे लागते.

या कोऱ्या नमुन्याने एका शास्त्रज्ञाचे आयुष्यच फिरवले. अमेरिकेतील क्लेअर पॅटरसन उल्केतील शिशावरून पृथ्वीचे वय काढू पाहत होता. परंतु ज्या लेशमात्र शिशाचे त्याला मापन करावयाचे होते त्याच्या कितीतरी पट शिसे त्याच्या प्रयोगशाळेतच भरून राहिले होते. त्याने वर्षानुवर्षे भिंती, फरशा, भांडी, अम्ले यांतून शिसे हुसकून लावले, आणि १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे जगापुढे मांडले. दुसरा एखादा तेवढ्यावर थांबला असता. पॅटरसनने पुढे विचारले, 'हे शिसे माझ्या खोलीत आले कोठून?' त्या प्रश्नाचा माग त्याला पेट्रोलात मिसळल्या जाणाऱ्या शिशापर्यंत घेऊन गेला. १९६५ मध्ये त्याने जो प्रबंध प्रसिद्ध केला त्याने बलाढ्य उद्योगांचा रोष ओढवून घेतला. पण अखेर एकेका देशाने असे पेट्रोल सोडले. भारताने ते २००० साली सोडले आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये. बाटली धुण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलांना मी ही हकीकत सांगतो. मग निदान त्या दिवशी तरी बाटल्या चांगल्या धुतल्या जातात.

त्यानंतर ज्योतीची पाळी येते. १८६० साली बुन्सेन आणि किर्खहोफ या जर्मन जोडीने एका झऱ्याच्या पाण्याचा थेंब ज्योतीत धरला आणि वर्णपटात पूर्वी कोणी न पाहिलेल्या निळ्या रेषा पाहिल्या. ते सीझियम. त्याची पाहण्याजोगी संयुगे हाती यावीत म्हणून बुन्सेनने सुमारे ४० टन पाणी आटवले आणि मिळवली ती अवघी काही ग्रॅम. पुढे १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्शने हाच विचार उलटा केला : तापलेला अणू जो प्रकाश टाकतो, तोच प्रकाश त्या जातीचा दुसरा अणू गिळतो, तेव्हा ज्योतीने काय दिले ते पाहण्याऐवजी तिने काय घेतले ते मोजावे. या यंत्रात शिसे शोधण्यासाठी शिशाचाच दिवा लावावा लागतो, तांब्यासाठी तांब्याचा. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक! आमच्या महाविद्यालयात हे यंत्र नाही. मुले येथे डायफेनिलकार्बाझाइड घालून क्रोमियमचा जांभळट रंग मोजतात, आणि इतर धातूंसाठी एका मोठ्या संस्थेच्या यंत्रावर वर्षातून काही दिवस जातात. ज्योतीच्या यंत्राला इतके थोडे शिसे नीट दिसत नाही, म्हणून एक लिटर पाणी आटवून २५ मिलिलिटर करावयाचे. बुन्सेनचीच युक्ती, घरगुती मापाने. अर्थात तेवढाच कोरा नमुनाही त्याच्या शेजारी आटवावा लागतो, कारण पाण्याबरोबर आपली पापेही दाट होत असतात.

एका वर्षी एका मुलीने आपल्या घरचे पाणी तपासावयाचे ठरवले. घर कूपनलिकेच्या पाण्यावर. शिवाराच्या पलीकडे मिलची भिंत. वडील त्याच मिलमध्ये रंगखात्यात कामाला. आईच्या पोटात नेहमी दुखे, आणि शेजारणी मिलकडे बोट दाखवीत. बाटली माझ्या हातात देण्यापूर्वी तिने विचारले, "सर, पाणी वाईट निघालं तर लिहायचं का?" मी म्हटले, "आणि चांगलं निघालं तर?" ती गप्प राहिली. दोन्ही उत्तरांची तिला भीती होती. पाणी वाईट निघाले तर वडिलांच्या भाकरीकडे बोट जाणार होते. चांगले निघाले तर आईच्या दुखण्याला कारणच उरणार नव्हते.

तिने दोन बाटल्या आणल्या होत्या, कारण आमचा तसा नियम आहे. पहिली बाटली पहाटे नळ उघडताच भरलेली, दुसरी पाच मिनिटे पाणी वाहू दिल्यावर. पहिल्या बाटलीत शिसे मर्यादेपेक्षा अधिक निघाले, दुसरीत ते मर्यादेच्या आत होते. कूपनलिका दोन्हींची एकच. मग शिसे आले ते रात्रभर ज्यात पाणी उभे होते त्या नळातून. पितळी नळात, कातकाम सुलभ व्हावे म्हणून, शिसे घातलेले असते, हे पुस्तकात होतेच. आता ते तिच्या घरात होते. पुढल्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातला पितळी हंडाही तपासला, आणि कल्हईवाल्याला 'कथील निव्वळ आहे ना?' असे विचारण्यास आईला बजावले, कारण कथलात शिशाची भेसळ होते, हेही तिने वाचले होते. आईला मी डॉक्टरकडे जाण्यास सुचवले. पोटदुखीचे निदान करणे हे रसायनशास्त्राचे काम नव्हे. वर्गात मात्र खळबळ उडाली. ज्यांचे वडील मिलमध्ये होते ती मुले म्हणाली, "बघा, मिलचा काही दोष नाही!"

हा निष्कर्षही घाईचा होता. म्हणून दुसऱ्या सत्रात मी सर्वांना खाडीच्या गाळाकडे नेले. धातू पाण्यात फार काळ तरंगत राहत नाहीत. ते मातीच्या बारीक कणांना चिकटतात आणि तळाशी जाऊन बसतात. पाणी आजचे असते, गाळात मात्र अनेक वर्षांची रोजनिशी असते. वाहत्या पाण्याने निर्दोष म्हणून सोडलेल्या आरोपीविरुद्ध गाळ साक्ष देऊ शकतो. पण त्या साक्षीचीही उलटतपासणी करावी लागते. हा सारा मुलूख सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या मातीवर पोसलेला. त्या दगडात तांबे, क्रोमियम, निकेल, जस्त मुळातच बऱ्यापैकी असते. तेव्हा गाळात तांबे सापडले म्हणून मिलने सोडले, असे होत नाही. वस्तीच्या वरच्या अंगाचा गाळ, खालच्या अंगाचा गाळ, खोलवरचा जुना गाळ, सारे ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. गोव्याच्या वाचकाला हा पेच परका वाटू नये. मांडवी आणि झुवारी यांच्या गाळातील लोह आणि मँगनीज यांचा अभ्यास करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो : डोंगराच्या तांबड्या मातीने पावसाबरोबर आपण होऊन किती दिले, आणि खाणींनी नि खनिजाच्या बार्जींनी त्यात किती भर घातली? निसर्गाचा वाटा वजा केल्यावाचून माणसाचा वाटा सांगणे हा अन्याय. आणि निसर्गाच्या आड माणसाला लपू देणे हा त्याहून मोठा अन्याय.

आकडा कोणाचाच पक्ष घेत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पुरतेसे पटत नाही. आकडा आपोआप निष्पक्ष होत नसतो. तो लिहिणाऱ्याने त्याला निष्पक्ष ठेवावा लागतो. आमच्या वहीत 'शून्य' हा शब्द लिहिण्यास मनाई आहे. कोरा नमुना सात वेळा मोजावयाचा, त्या सात आकड्यांचा विखुरलेपणा काढावयाचा, त्याची तिप्पट ही आपली दृष्टीची सीमा. तिच्या आत काही असेल तर 'नाही' असे म्हणावयाचे नाही. 'एवढ्या सीमेपर्यंत आढळले नाही' असे म्हणावयाचे, आणि ती सीमा लिहावयाची. 'नाही' आणि 'मला दिसले नाही' यांतला फरक व्यवहारात आपण क्वचितच पाळतो. न्यायासनासमोर साक्षीदाराने तो पाळला नाही, तर सुक्याबरोबर ओलेही जळते, किंवा ज्याने आग लावली तो साळसूदपणे घरी जातो.

आणि हा फरक माझ्या मुलांना फार दिवस लांब ठेवता येण्यासारखा नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन यांतली कित्येक मुले याच तालुक्यातील मिलांत, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत, तपासणीच्या प्रयोगशाळांत नोकरीला लागतात. ज्या कागदावरून खाडीचे पाणी चांगले की वाईट ते ठरते, त्या कागदावर कोठेतरी खाली, बारीक अक्षरांत, यांची सही असते. ती सही करणारा मुलगा बावीस वर्षांचा असतो, घरी हप्ते असतात, आणि समोर उभा असलेला वरिष्ठ वयाने वडिलांएवढा असतो.

असा एक जुना विद्यार्थी मागल्या दिवाळीत भेटावयास आला. तो ज्या ठिकाणी नोकरीस आहे तेथे अहवालाच्या एका रकान्यात सर्व धातूंपुढे वर्षानुवर्षे 'शून्य' लिहिण्याचा प्रघात होता. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता; आधीच्याने लिहिले म्हणून पुढच्याने लिहिले, इतकेच. याने एका संध्याकाळी थांबून कोरा नमुना सात वेळा मोजला, सीमा काढली, आणि त्या महिन्यापासून 'शून्य'च्या जागी तो आकडा लिहू लागला. दोन धातू सीमेच्या वर निघाले, तेही त्याने लिहिले. साहेबांनी बोलावून विचारले, "हे आताच कसं निघालं?" तो म्हणाला, "साहेब, आधीही असेल. आधी बघितलं नव्हतं."

त्याची नोकरी गेली नाही. बढतीही मिळाली नाही. जाताना त्याने संकोचत एक मागणे केले. तेथे बाटल्या नीट धुतल्या जात नाहीत, म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या नत्राम्लात भिजवलेल्या दोन बाटल्या हव्या होत्या. मी दोन देऊ केल्या. त्याने बुचे उघडून आत पाहिले, उजेडाकडे धरून पाहिले, आणि मग, मी समोर उभा असतानाच, नळापाशी जाऊन त्या शुद्ध पाण्याने पुन्हा तीनदा खळबळून घेतल्या.